वाय-फायचा पासवर्ड मोबाईल नंबर ठेवू नये : घरचा राउटर सुरक्षित करण्याची माहिती

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूरसारख्या (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) मोठ्या गावांत केबलचे आणि फायबरचे इंटरनेट आता घरापर्यंत आले आहे. जोडणी करायला आलेला मुलगा भिंतीला छिद्र पाडतो, डबी बसवतो आणि "पासवर्ड काय ठेवू?" म्हणून विचारतो. घरातले कोणीतरी आपला मोबाईल नंबर सांगते. मुलगा निघून जातो. त्यानंतर ती डबी, म्हणजे राउटर, बिघडेपर्यंत कोणी उघडून पाहत नाही.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, एमपीएससीचे हॉल तिकीट, बँकेचा व्यवहार, दुकानातला सीसीटीव्ही हे सगळे त्याच डबीतून जाते. ती सुरक्षित करायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खर्च काही नाही आणि संगणकाचे शिक्षणही लागत नाही. काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि का करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

जोडणी ज्याच्या नावावर, विचारणा त्याच्याकडे

घरात आठ मोबाईल असले तरी बाहेरच्या जगाला त्या घराची जोडणी एकच दिसते. ती कोणाच्या नावावर आहे, याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते. त्या जोडणीवरून कोणी गुन्हा केला तर पोलिसांचा तपास आधी नोंदीतल्या नावापर्यंत पोचतो. मोबाईल नेमका कोणाच्या हातात होता, हा प्रश्न त्यानंतर येतो.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण २००८ साली घडले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल आला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका फ्लॅटपर्यंत लागला. तिथे एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा वापर बाहेरच्या कोणीतरी केला होता, असे पुढे समोर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून असेच मेल गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय नेटवर्क शोधण्यासाठी पथके नेमली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना काढल्या.

गावात असे काही होणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण गावातही फसवणुकीचा फोन-मेल, कोणाच्या नावाने काढलेले खोटे खाते, समाजात तेढ माजवणारी पोस्ट यांचा तपास याच मार्गाने होतो. अशा वेळी आपण निर्दोष आहोत हे शेवटी सिद्ध होईलही, पण तोवर मोबाईल जप्त, पोलीस ठाण्याच्या चकरा आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

दोन पासवर्ड असतात, दोन्ही बदलावेत

बहुतेक घरांत एकच पासवर्ड माहीत असतो, तो म्हणजे मोबाईल वाय-फायला जोडण्याचा. दुसरा पासवर्ड राउटरच्या सेटिंगच्या पानाचा असतो. हा दुसरा पासवर्ड अनेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच राहतो. नावाच्या रकान्यात 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डच्या रकान्यातही 'अ‍ॅडमिन' असा तो प्रकार असतो.

पहिला पासवर्ड घराच्या दाराचा मानला, तर दुसरा तिजोरीचा आहे. ज्याला वाय-फाय मिळाले आणि दुसरा पासवर्ड बदललेला नाही, तो माणूस राउटरच्या पानावर जाऊन काहीही फिरवू शकतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे याच मार्गाने ताब्यात घेतले. त्यात फार मोठे तंत्र नव्हते. कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती आणि ती एकेका यंत्रावर लावून पाहिली जात होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांचा एकत्र मारा करून अमेरिकेत अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडण्यात आल्या. ज्यांच्या घरात ती यंत्रे होती त्यांना याचा पत्ताही नव्हता.

राउटरच्या पानावर कसे जावे

१. मोबाईल किंवा संगणक आपल्या वाय-फायला जोडावा. मोबाईल असेल तर मोबाईल डेटा बंद करावा.

२. राउटर उलटा करून खालचे लेबल पाहावे. त्यावर पानाचा पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. तो इंग्रजी अंकांत टाइप करावा.

३. हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकावा. गुगलच्या शोधपट्टीत टाकला तर भलतीच पाने उघडतात.

४. नाव-पासवर्ड टाकून आत गेल्यावर सगळ्यात आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. काही चुकले तर पूर्वीची स्थिती कळते.

५. 'मॅनेजमेंट', 'सिस्टिम टूल्स' किंवा 'अकाउंट' या सदरात जाऊन पानाचा पासवर्ड बदलावा.

'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाच्या सदराला मात्र हात लावू नये. कंपनीने दिलेले जोडणीचे नाव-पासवर्ड तिथे असतात. ते पुसले गेले तर नेट बंद पडते.

काही कंपन्यांच्या राउटरवर ग्राहकाला पान उघडता येत नाही. तेव्हा केबल ऑपरेटरला बोलवावे, लेखातले मुद्दे एकेक सांगावेत आणि तो बदल करताना शेजारी बसावे. आपण पैसे भरून जोडणी घेतली आहे, त्यामुळे हे मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

मोबाईल नंबर का नको : साधा हिशोब

वाय-फायचा पासवर्ड ओळखू पाहणारा माणूस दारासमोर बसून एकेक पासवर्ड टाकत बसतो, असा आपला समज असतो. तसे नसते. आपला मोबाईल वाय-फायला जोडला जाताना राउटरशी त्याची जी देवाणघेवाण होते, ती हवेतून जाते. रस्त्यावरचा माणूस ती एकदा टिपून घेतो आणि घरी नेऊन आपल्या संगणकावर अंदाज लावत बसतो. तिथे त्याला अडवणारे कोणी नसते. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासू शकतो.

भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले एकूण नंबर ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या वेगाने ते सगळे तपासायला ४,००० सेकंद लागतात, म्हणजे एक तास सात मिनिटे. एवढेही कष्ट कोणी घेणार नाही, कारण आपला नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतोच.

जन्मतारखेचे तर विचारूच नये. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ होतात. त्या एका सेकंदाच्या आत संपतात.

श्रद्धेची आणि अभिमानाची नावेही यात सुटत नाहीत. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरी असावा लागतो. 'खंडोबा' रोमन लिपीत लिहिले की बरोबर आठ अक्षरे होतात. 'जयभीम'पुढे १४ किंवा १८९१ जोडले की आठचा नियम पुरा होतो. १४०४१८९१ ही तारीखही आठ आकडी आहे. ज्या वस्तीत जी नावे आदराने घेतली जातात ती तिथे आधी लावून पाहिली जातात. अंदाज लावणाऱ्याला त्यासाठी संगणकही लागत नाही.

मग काय ठेवावे? एकमेकांशी संबंध नसलेले पाच साधे मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. उदाहरणार्थ विळा, पाटी, चिंच, रेडिओ, गोधडी. मात्र हेच शब्द वापरू नयेत, घरातल्या माणसांनी मिळून वेगळे निवडावेत. रोजच्या वापरातल्या दोन हजार शब्दांतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडले तर १६ लाख कोटी जोड्या होतात. वरच्या वेगाने त्या तपासायला सहा महिने लागतात. पाचवा शब्द जोडला की तोच काळ हजार वर्षांवर जातो. शब्द लक्षात राहतात, आजीला फोनवर सांगता येतात आणि कोणाच्या पाटीवर सापडत नाहीत.

वाय-फायच्या नावातही आडनाव, घर क्रमांक किंवा दुकानाचे नाव घालू नये. कोणते नेटवर्क कोणाचे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगण्याची गरज नसते.

सुरक्षेचा प्रकार कोणता निवडावा

'वायरलेस सिक्युरिटी' या सदरात पुढील पर्याय दिसतात.

*ओपन* : कुलूप नाही. कधीही निवडू नये.

*डब्ल्यूईपी* : १९९७ चे तंत्र. २००१ मध्येच ते फोडून दाखवले गेले. आज ते काही मिनिटांत उघडते.

*डब्ल्यूपीए* : २००३ ची तात्पुरती दुरुस्ती. हेही आता टाळावे. 'टीकेआयपी' हा शब्द दिसला तर तो पर्याय याच जुन्या काळातला समजावा.

*डब्ल्यूपीए२, एईएस* : २००४ पासूनचे. पासवर्ड चांगला असेल तर घरासाठी आजही पुरेसे.

*डब्ल्यूपीए३* : २०१८ पासूनचे. यात हवेतून टिपून घरी अंदाज लावण्याची वाट बंद केली आहे.

राउटरवर डब्ल्यूपीए३ असेल आणि घरातले सगळे मोबाईल चालत असतील तर तेच ठेवावे. जुना मोबाईल जोडला जात नसेल तर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय घ्यावा. तोही नसेल तर डब्ल्यूपीए२, एईएस निवडावे. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशी दोन नेटवर्के देतात. बदल दोन्हीकडे करावा लागतो. २.४ चा सिग्नल भिंतीतून जास्त लांब जातो, म्हणजे गल्लीत तोच पोचतो, आणि नेमका तोच जुन्या पासवर्डवर राहून जातो.

डब्ल्यूपीएस बंद करावे

राउटरवर 'डब्ल्यूपीएस' नावाचे बटण असते. पासवर्ड न टाकता यंत्र जोडण्यासाठी ही सोय आहे. तिच्यामागे आठ आकडी पिन असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. पण राउटर आधी पहिले चार आकडे तपासतो आणि मग पुढचे तीन. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. त्यामुळे शक्यता उरतात १०,००० अधिक १,०००, म्हणजे फक्त ११,०००. हा दोष २०११ मध्ये उघड झाला. नंतरच्या अनेक राउटरमध्ये चुकीचे अंदाज काही वेळानंतर अडवले जातात, पण आपल्या राउटरमध्ये तसे आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. पासवर्ड कितीही चांगला असला तरी ही मागची खिडकी उघडी राहते. डब्ल्यूपीएस पूर्ण बंद करावे. तसे करता येत नसेल तर निदान पिनचा पर्याय बंद करावा.

रिमोट मॅनेजमेंट, फर्मवेअर आणि डीएनएस

'रिमोट मॅनेजमेंट' सुरू असेल तर राउटरचे पान बाहेरून, जगातल्या कुठूनही उघडता येते. घरगुती वापरात त्याची गरज नसते, म्हणून ते बंद ठेवावे. 'यूपीएनपी' सुरू असेल तर घरातले एखादे यंत्र परस्पर बाहेरची वाट उघडू शकते. ऑनलाइन खेळ किंवा कॅमेरा त्यावर अवलंबून नसेल तर तेही बंद करावे.

राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. त्यात दोष सापडतात आणि कंपनी ते दुरुस्त करते. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येच 'क्रॅक' नावाचा दोष सापडला, तेव्हा मोबाईल आणि राउटर दोन्हींना अपडेट घ्यावे लागले. 'फर्मवेअर अपग्रेड' सदरात आपोआप अपडेटचा पर्याय असेल तर सुरू करावा. नसेल तर सहा महिन्यांतून एकदा पाहावे. अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो, म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी.

डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्तापुस्तिका. आपण वेबसाइटचे नाव टाकतो आणि डीएनएस तिचा आकडी पत्ता सांगते. राउटरमध्ये कोणी ही पुस्तिकाच बदलली तर नाव खऱ्या बँकेचे टाकले तरी पान खोट्या बँकेचे उघडू शकते. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेममध्ये असा बदल झाला होता आणि बँक ग्राहकांची फसवणूक झाली होती. शिष्यवृत्तीच्या किंवा बँकेच्या पानावर "ही जोडणी सुरक्षित नाही" असा इशारा आला तर "पुढे जा" दाबू नये. मोबाईल डेटावर तेच पान उघडून पाहावे. डेटावर इशारा येत नसेल तर संशय राउटरवर घ्यावा.

शेजारच्या लेकराला नेट द्यावे का?

जरूर द्यावे. ज्या घरात परीक्षेची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी आहे आणि नेटचे पैसे नाहीत, त्यांना शेजाऱ्याने दार बंद करावे, असे या लेखाचे म्हणणे नाही. प्रश्न फक्त कसे द्यावे हा आहे.

आपला मुख्य पासवर्ड दिला की तो माणूस आपल्या घरच्या नेटवर्कमध्ये येतो. तिथून राउटरचे पान, सीसीटीव्ही आणि घरातला संगणक त्याच्या आवाक्यात येतात. त्या मुलावर आपला विश्वास असतो, पण त्याच्या मोबाईलमध्ये कोणते अ‍ॅप आहे हे त्यालाही ठाऊक नसते. शिवाय पासवर्ड एकाकडून दुसऱ्याकडे जातो. क्यूआर कोड दाखवला तरी त्यात पासवर्ड उघडाच असतो. कोडचा फोटो म्हणजे पासवर्डच.

यासाठी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. त्याचे नाव वेगळे आणि पासवर्डही वेगळा. त्यावरून फक्त इंटरनेट मिळते, घरातली यंत्रे दिसत नाहीत. सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क अ‍ॅक्सेस' बंद असल्याची खात्री करावी. वेग आणि वेळ ठरवण्याचा पर्याय असेल तर तोही वापरावा. परीक्षा संपली की गेस्टचा पासवर्ड बदलता येतो, घरातल्या मोबाईलना हात लावावा लागत नाही. सीसीटीव्ही आणि स्मार्ट टीव्हीही आपल्या मोबाईलपासून वेगळे ठेवायचे असतील तर याच गेस्टवर टाकता येतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गेस्टवरून केलेला व्यवहारही आपल्याच जोडणीच्या नावावर जातो. म्हणून ओळखीच्या माणसालाच द्यावे.

विहारातील किंवा समाजमंदिरातील अभ्यासिकेत वीस-तीस मुले एकच वाय-फाय वापरतात. तिथे राउटर कुलूपबंद कपाटात किंवा उंचावर असावा, कारण मागचे बारीक छिद्र टाचणीने दाबले की सगळे पासवर्ड कारखान्याच्या मूळ स्थितीत जातात. पानाचा पासवर्ड दोनच जबाबदार व्यक्तींकडे असावा. मुलांना गेस्ट नेटवर्क द्यावे आणि त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलावा. जोडणी एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नावावर घेण्याऐवजी संस्थेच्या नावावर घ्यावी. कायमस्वरूपी सार्वजनिक वाय-फाय द्यायचे असेल तर केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेचा विचार करावा. त्यात वाय-फाय देणाऱ्या दुकानाला किंवा संस्थेला परवाना लागत नाही आणि वापरणाऱ्याची ओळख त्याच्या मोबाईल नंबरवरून पटवली जाते.

ज्यावर भिस्त ठेवू नये

नेटवर्कचे नाव लपवले की कोणाला सापडणार नाही, असा समज आहे. साध्या मोफत अ‍ॅपलाही ते सापडते. ठरावीक मोबाईलनाच प्रवेश देणारे 'मॅक फिल्टर' हेही खरे कुलूप नाही. तो क्रमांक हवेतून दिसतो आणि नक्कल करता येतो. उलट आजचे मोबाईल स्वतःच हा क्रमांक बदलत राहतात, त्यामुळे आपलेच मोबाईल अडतात. या दोन्हींत वेळ घालवण्यापेक्षा पासवर्ड सुधारावा.

संशय आला तर

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. घरातले मोबाईल, टीव्ही, कॅमेरे मोजावेत. जास्तीचे यंत्र दिसले तर एकेकाचे वाय-फाय बंद करून कोणते कोणाचे ते ओळखावे. ओळख पटली नाही तर दोन्ही पासवर्ड बदलावेत. सगळी यंत्रे बाहेर पडतात आणि आपण हवी तीच पुन्हा जोडतो.

राउटर पूर्ण रीसेट करण्यापूर्वी मात्र ऑपरेटरला विचारावे. रीसेटने कंपनीची जोडणीही पुसली जाते आणि तो येईपर्यंत नेट बंद राहते.

सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मोबाईल-संगणक तपासण्याची मोफत साधने आहेत. पैशांची फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. पोलिसांकडून आपल्या जोडणीबद्दल विचारणा झाली तर राउटर रीसेट करू नये. यंत्रांची यादी आणि नोंदी त्यातून पुसल्या जातात, आणि कदाचित त्याच आपल्या बाजूचा पुरावा असतात.

आज करायची कामे, क्रमाने

पानाचा पासवर्ड बदलणे. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड बदलणे, दोन्ही नेटवर्कांवर. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडणे. डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करणे. फर्मवेअर पाहणे. शेजाऱ्यांसाठी गेस्ट सुरू करणे. सगळे एका दिवशी जमले नाही तर पहिली चार कामे तरी आजच करावीत.

नवे पासवर्ड एका कागदावर लिहून तो लाईट बिलाच्या फाईलमध्ये ठेवावा. राउटरवर चिकटवू नये.